डाव्या कुशीवर अर्धा तास

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बोलका असावा लागतो, असं मिस्त्रींचं मत होतं. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांशी बाहेरून सतत कोणीतरी बोलत राहावं लागतं, नाहीतर ती आतल्या आत घाबरून अर्धी होतात. मिस्त्री दाराच्या फटीशी पालथे पडून खाली हाक मारायचे, "घाबरू नका, आमच्या धंद्यात चढउतार असायचेच!" आणि आतून कोणीतरी नाइलाजानं हसायचं. हा एकच विनोद त्यांनी पंचवीसेक वर्षं पुरवला. त्यांच्या बायकोला तो इतका पाठ झाला होता की मिस्त्रींनी तोंड उघडलं की ती "असायचेच" एवढंच म्हणून मोकळी व्हायची.

दुसरं त्यांचं आवडतं भाषण होतं देखभालीचं. एखाद्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणायचा, "मिस्त्री, लिफ्ट तर मस्त चालतेय, या खेपेला राहू दे की." मग मिस्त्री कमरेवर हात ठेवायचे. "साहेब, चालतेय तोवर करतात ती देखभाल. बंद पडल्यावर करतात ती दुरुस्ती. आणि दोर तुटल्यावर करतात तो पंचनामा."

अंगानं काटक माणूस. केबिनच्या छपरावर उभं राहून, एका हातात बॅटरी आणि दातांत पाना धरून ते तासन्‌तास काम करायचे. पन्नाशी उलटली तरी पोट सुटलं नव्हतं, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. कामावरचे तरुण जिन्यात धापा टाकायला लागले की हे वरच्या मजल्यावर उभे राहून शीळ घालायचे.

म्हणूनच मांड्यांवर आणि दंडांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नाही. हत्यारं लागली असतील. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा ब्रश बदलला. एक दिवस मात्र जिना चढता चढता ते मधल्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. रक्त तपासलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला.

पुढचे काही महिने हॉस्पिटलात गेले. सलाइनमधून औषध, मग ताप, मग तोंडात फोड, मग पुन्हा औषध. केस गेले, भुवया गेल्या. पुरुषांच्या आणि बायकांच्या वॉर्डांना जोडणारी एक लांब गॅलरी होती. जरा बरं वाटलं की सगळे आपापला सलाइनचा दांडा ढकलत तिथल्या बाकांवर येऊन बसायचे. तिथं मिस्त्रींना लाँड्रीताई भेटल्या. त्यांचं लाँड्रीचं छोटं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघी ते चालवायच्या. आजार दोघांना एकच. मिस्त्रींचं चढउताराचं वाक्य ऐकून पोटभर हसलेल्या त्या अलीकडच्या काळातल्या एकट्याच, त्यामुळे मिस्त्रींचा त्यांच्यावर जीव बसला. त्या त्यांना "भाऊ" म्हणायच्या, हे त्यांना "ताई".

"भाऊ, तुमचा हा शर्ट कोणी इस्त्री केलाय? कॉलर बघा, नुसती वरवंट्यानं रगडलीय."

"बायकोनं केलाय."

"मग छान आहे," ताई लगेच म्हणाल्या.

आधी मिस्त्रींचा आजार दबला. हाडातला मगज काढून तपासला तेव्हा त्यात वाईट पेशी दिसेनात. उपचार करणारी डॉक्टर वयानं लहान होती, बोलायला साधी. तिनं दोघा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "आत्ता आजार दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच असं नाही. चारदोन पेशी कुठंतरी दडून बसलेल्या असू शकतात. त्यांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून पुढं बराच काळ हलकं औषध चालू ठेवायचं. आम्ही याला मेन्टेनन्स म्हणतो."

मिस्त्री खूश होऊन बायकोकडं बघायला लागले. "ऐकलंस? मेन्टेनन्स! हे काही मला शिकवायला नको, डॉक्टर."

"असायचेच," बायको सवयीनं म्हणाली, आणि मग तिघंही हसली.

मेन्टेनन्सचे दोन रस्ते होते. एक, गोळ्या. महिन्यातले पहिले दोन आठवडे रोज एक, मग दोन आठवडे सुट्टी. या गोळ्यांनी उलट्या, जुलाब होऊ शकतात, म्हणून अर्धा तास आधी वांती थांबवायची गोळी घ्यायची. दुसरा, इंजेक्शनं. दर महिन्यात सलग काही दिवस हॉस्पिटलात येऊन पोटाच्या कातडीखाली टोचून घ्यायची. तिथं काळंनिळं होतं, थकवा येतो. "दोन्हींतलं कुणाला काय जास्त सोसतं, आणि कशानं आजार जास्त काळ लांब राहतो, हे मी माझ्या पेशंट्समध्ये ताडून बघतेय," डॉक्टर म्हणाली. "त्यामुळे जे होईल ते मला खरं सांगायचं. चांगलं, वाईट, सगळं."

मिस्त्रींनी गोळ्या निवडल्या. दर महिन्याला हॉस्पिटलची पायरी चढायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना कामावर जायचं होतं.

पहिल्या गोळ्यांनी त्यांचं पोट ढवळून काढलं. सकाळी उलटी, दुपारी कळा. ते कोणाला बोलले नाहीत. डॉक्टरला फोन करायचा तर बायको म्हणणार, घरी बसा. दुसऱ्या आठवड्यात ते एका ऑफिसच्या इमारतीत कामाला गेले. केबिनच्या छपरावर उभे राहून ते वरच्या मजल्याच्या दाराचं कुलूप तपासत होते. बरोबरचा जोडीदार वर मशीनरूममध्ये होता. एकाएकी पोटात अशी कळ आली की त्यांना पाना ठेवायलाही अवधी मिळाला नाही. दोन मजल्यांच्या मधे, अंधारात, उभ्या उभ्या सगळं झालं.

त्यांनी जोडीदाराला हाक मारली नाही. तसेच उभे राहिले. शेवटी त्यानंच विचारलं, "मिस्त्री, झालं का? सोडू का खाली?" आणि उत्तराची वाट न बघता लिफ्ट हलवली. दार उघडलं तेव्हा बाहेर ऑफिसातल्या बायका आणि पुरुष ताटकळत उभे होते. मिस्त्री छपरावरून उतरले. एकीनं हळूच रुमाल नाकाला लावला, आणि एका म्हाताऱ्या शिपायानं स्वतःचा कोट काढून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळला. त्या शिपायाचे आभारही त्यांना मानता आले नाहीत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मिस्त्रींच्या पायाखाली तर खोल खड्डा तयारच होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी घेतली नाही.

ते सोपं होतं. बायकोला त्यांनी सांगितलं की रिकाम्या पोटी बसचे धक्के सोसत नाहीत, मी कामावर पोचून घेतो. ती बिचारी दोन्ही गोळ्या एका डबीत घालून त्यांच्या खिशात ठेवायची आणि ठरल्या वेळी फोन करायची. "घेतली का?" "घेतली." तोवर गोळ्या बसथांब्याजवळच्या गटाराच्या जाळीतून गेलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आधी आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं. पुढं पुढं बोटांना सवय झाली.

आणि काय सांगावं, अंगात ताकद यायला लागली. भूक लागायला लागली, भुवया उगवल्या. मिस्त्री मनात म्हणायचे, सुंठीवाचून खोकला गेला. आजार गेलेलाच होता, डॉक्टर लोक उगीच भीती घालतात. 'चालतेय तोवर करतात ती देखभाल' हे वाक्य मात्र त्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघेनासं झालं. सेक्रेटरी "या खेपेला राहू दे" म्हणाला तर ते "बरं" म्हणून हत्यारं उचलायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, आजारपणानं माणूस मवाळ झाला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं रिपोर्ट पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "मिस्त्री, कमाल आहे तुमची! या गोळ्यांनी लोकांच्या रक्तातल्या पेशी खाली येतात. तुमचं रक्त तर गोळ्या न घेणाऱ्या माणसासारखं आहे!"

मिस्त्रींना वाटलं, सापडलो. पण ती हसत होती. ती थट्टा करत होती.

"आणि उलट्या?"

"आधी झाल्या थोड्या. आता नाही."

"वांतीची गोळी घेता ना?"

"तीसुद्धा लागत नाही आता."

"असं काय करता तुम्ही?" तिनं खरोखर उत्सुकतेनं विचारलं.

इथं त्यांनी नुसतं "काही नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बोलका माणूस. समोरच्याच्या डोळ्यांत कौतुक दिसलं की त्यांच्या जिभेला हाड राहायचं नाही. ते म्हणाले, "मशीनरूममध्ये एक बाकडं आहे. गोळी घेतली की कोमट पाणी पितो आणि त्याच्यावर अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहतो. मग काही होत नाही."

हे कुठून सुचलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मशीनरूममध्ये बाकडं होतं, एवढंच त्यातलं खरं.

"डाव्या कुशीवर," डॉक्टर म्हणाली. "पुस्तकात असं काही नाही. पण तुम्हाला लागू पडतंय ना, मग इतरांनाही सांगून बघू."

लाँड्रीताईंचा आजार दबला तो त्यानंतर. त्यांच्यापुढंही तेच दोन रस्ते ठेवले गेले. रक्त द्यायच्या खिडकीसमोर मिस्त्रींची त्यांची गाठ पडली. ताईंच्या डोक्यावर नवे मऊ केस आले होते आणि त्यांवरून त्या सारखा हात फिरवत होत्या.

"भाऊ, डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी पोटाला त्रास होतो पण घरीच घेता येतात. इंजेक्शनं घ्यायची तर दर महिन्याला इतके दिवस दुकान बहिणीवर टाकायचं. ती एकटी किती करणार? मला तर काही कळेना. तुम्ही घेताय, तुम्हीच सांगा. खरं खरं सांगा हं. झेपतात?"

मिस्त्रींच्या मनात आलं, आता सांगावं. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, आणि नर्स कौतुकानं म्हणत होती, "अहो, विचारताय कुणाला! हे म्हणजे आमचा पहिला नंबर."

"न झेपायला काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "साखरेच्या गोळ्या समजायच्या."

ताई मोकळं हसल्या. "तुम्ही अधांतरी लोंबकळत काम करता आणि घेता. मी तर जमिनीवर उभी असते. ठरलं मग."

घरी जाताना बसमध्ये मिस्त्रींनी स्वतःची समजूत घातली. प्रत्येकाची तब्येत वेगळी. तिला खरंच झेपतील. न झेपल्या तर ती डॉक्टरला सांगेल. डॉक्टर आहेच की. एवढं घोकूनही रात्री जेवण उतरेना. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. "गोळीनं का हो?" तिनं विचारलं. ते "हो" म्हणाले. एक खोटं पाळलं की त्याला पोरं होतात.

ताई पुढच्या तपासण्यांना दिसायच्या. बारीक झाल्या होत्या. "कसं काय?" विचारलं की म्हणायच्या, "मस्त! डॉक्टरांनी सांगितलं ते तुमचं डाव्या कुशीवरचं तंत्र चाललंय. दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यावरच आडवी होते." त्यांचे ओठ कोरडे पडलेले असायचे. मिस्त्रींना ते दिसायचं, पण दिसलं तरी ते नजर वळवून घड्याळाकडं बघायचे. मग एका तपासणीला ताई आल्याच नाहीत. बाकावर त्यांची बहीण बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन.

"ताई नाही आल्या?"

"आत आहे. ॲडमिट केलंय." बहिणीचे डोळे सुजले होते. "दुकानात चक्कर येऊन पडली. ताप चढलाय. अंगातलं पाणी पार आटलं, पेशी इतक्या खाली गेल्यात की डॉक्टर आम्हाला जवळसुद्धा जाऊ देत नाहीत. अहो, ती रोज उलट्या करत होती. रोज! मोरीत नळ सोडून ठेवायची, मला आवाज येऊ नये म्हणून."

"डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"नाही ना! मी म्हटलं, सांग. तर म्हणायची, काय सांगू, भाऊंना काही होत नाही आणि मलाच होतं म्हणून? माझ्याच अंगात दम नाही. वांतीची गोळीही घ्यायची नाही. म्हणायची, भाऊंना लागत नाही, मला का लागावी. वर डावी कूस धरून पडायची आणि पडल्या पडल्या ओकायची." तिनं पदरानं नाक पुसलं आणि हात जोडले. "तुम्हीच जरा समजवा तिला, भाऊ. तुमचं ऐकते ती."

मिस्त्रींनी हातातला नंबराचा कागद घडी करून खिशात घातला. तपासणी न करताच ते हॉस्पिटलबाहेर पडले. वाटेत एक लिफ्टची इमारत लागली, दुसरी लागली, सगळ्या इमारती त्यांच्या ओळखीच्या. कोणी पहारेकऱ्यानं हात केला. त्यांनी मान वर केली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या रस्त्यावर कळलं. एक शिपाई त्यांच्या फजितीवर कोट घालून गेला होता. आणि त्यांनी त्याच फजितीपायी एका बाईला मोरीत नळ सोडून ओकायला लावलं होतं.

घरी बायको खिडकीशी बसून त्यांच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होती.

"मी गोळ्या घेत नाही," मिस्त्री दारातूनच म्हणाले.

"आजची राहिली का? मग आता घ्या," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली.

"आजची नाही. पहिल्या महिन्यापासूनच्या."

सुई थांबली. त्यांनी सगळं सांगितलं. लिफ्टचं छप्पर, बाहेरची माणसं, शिपाई, गटाराची जाळी, डावी कूस, ताई. बायकोनं सुई कापडात खोचून ठेवली. ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"मग रोज सकाळी मी काय करत होते?" ती शेवटी म्हणाली. "डबी भरत होते. फोन करत होते. फोन ठेवला की दोन मिनिटं डोळे मिटून बसायचे, की आजचा दिवस पार पडला. कुणाला फोन करत होते मी?"

मिस्त्रींनी खिशातली रिकामी डबी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"त्या दिवशी घरी आलात तेव्हा पँट बाहेरच्या नळावर धुतलेली होती. मी विचारलं तर ग्रीस सांडलं म्हणालात. मी आजवर तुमचं काय काय धुतलंय हो, हॉस्पिटलात? माझ्यापाशी कसली लाज?" मग तिनं शर्ट बाजूला ठेवला. "उद्या जा. आधी त्या ताईंना सांगा, मग डॉक्टरला. मी येणार नाही. याला मी बरोबर येणार नाही."

ताईंचा ताप उतरायला काही दिवस लागले. तोवर मिस्त्री रोज जाऊन काचेबाहेर उभे राहिले आणि रोज परत आले. ज्या दिवशी आत सोडलं, त्या दिवशी तोंडाला मास्क बांधून ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले. ताईंचा चेहरा मूठभर झाला होता. मिस्त्रींना पाहून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"भाऊ, नाक कापलं मी तुमचं. तुम्ही इतकं शिकवलंत आणि मी अशी पडले."

"ताई, मी गोळ्या घेतच नव्हतो."

ताईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे मधे बंद केल्यात?"

"सुरुवातीलाच. मला सोसल्या नाहीत. तुमच्यासारखंच झालं. तुमच्याहून वाईट झालं. मी टाकून देत होतो."

ताईंनी उशीवरून डोकं उचललं.

"मग ते कोमट पाणी? डावी कूस?"

"ते मी मनानं सांगितलं."

"मनानं," ताई म्हणाल्या. मग हळूहळू, एका हातानं खाटेचा कठडा धरत, त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. माफी मागायचे शब्द मिस्त्रींनी घरून जुळवून आणले होते, पण त्या पाठीला ते सांगता येईनात. अखेर नर्सनं येऊन उठवलं.

डॉक्टरच्या खोलीत त्यांनी बसायला नकार दिला. उभ्यानंच सांगितलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. तिनं पेन खाली ठेवलं.

"पुढच्या आठवड्यात मी मोठ्या डॉक्टरांसमोर हे सगळं मांडणार होते," ती म्हणाली. "इंजेक्शनवाले इतके, गोळ्यावाले इतके, कुणाला काय झालं. तुमचं नाव न घेता मी तुमचं उदाहरण देणार होते."

"माझं काढून टाका."

"तुमचं काढता येईल. तुमचं ऐकून ज्यांनी ठरवलं, त्यांचं काय काढू?" आवाज चढला तसा तिनंच तो खाली आणला. "आणि मी तरी काय केलं? ते रक्त बघून मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मला ते आवडलं. माझ्या औषधानं कुणीतरी इतकं छान राहतंय, हे बघायला मला बरं वाटत होतं." ती खिडकीबाहेर बघायला लागली. मिस्त्रींना वाटलं, हिलाही आपण आपल्या चिखलात ओढलं.

तिनं लगेच बाकीच्या दोघांना फोन लावले, ज्यांना डाव्या कुशीचा मंत्र दिला गेला होता. त्यांतला एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर होता. त्यालाही उलट्या होत होत्या आणि तोही गप्प होता. दुसरी एक आजी होती. तिला मात्र गोळ्यांनी खरोखरच काही होत नव्हतं. कुशीवर पडायची गरज नाही हे सांगितल्यावर ती म्हणाली, "नसू दे गरज. पडायला बरं वाटतं. बंद कशाला करू?"

मग मिस्त्रींच्या कमरेच्या हाडात सुई घालून पुन्हा मगज काढला. निकाल यायला वेळ लागणार होता. त्या काळात घरात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त असायचा. मिस्त्रींना मनातून वाटत होतं की आजार परत आलेला असावा. तसं झालं असतं तर हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं असतं. लोक कीव करतील, ताई तोंड इकडं वळवतील. असं वाटतं याचीही त्यांना लाज वाटायची, कारण बायको शेजारी जागी पडलेली असायची.

रिपोर्ट चांगला आला. वाईट पेशी नव्हत्या.

बायको खुर्चीत बसून रडली. मिस्त्रींना आनंद झालाच नाही. ज्यानं फसवलं तो धडधाकट, आणि जिनं इमानानं प्रत्येक गोळी गिळली ती हाडांचा सापळा होऊन पडलेली. त्यांनी डॉक्टरला विचारलं, "म्हणजे गोळ्या नसत्या तरी चाललं असतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "काही जणांचा आजार औषधाशिवायही दबून राहतो. काहींचा औषध घेऊनही परततो. तुम्ही कुठल्या गटातले, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. एकट्या माणसावरून कळलं असतं तर मी इतक्या जणांची तुलना कशाला केली असती? तुमचं नशीब आत्तापर्यंत बरं होतं, इतकंच. आता बोला. दिवस कमी करून गोळ्या, की इंजेक्शनं?"

त्यांनी इंजेक्शनं निवडली. त्यात कोणासमोर तरी घ्यावं लागतं, हे एकच कारण त्यांनी सांगितलं.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. दर महिन्याला काही दिवस मिस्त्री सकाळी हॉस्पिटलात जातात, शर्ट वर करून पोटावर टोचून घेतात आणि अर्ध्या दिवसानंतर कामावर पोचतात. पोटावर निळेपिवळे डाग असतात. छपरावरचं काम साहेबांनी काढून घेतलं, आता ते खाली उभे राहून दुसऱ्यांना सूचना देतात. बायको एक दिवसही चुकत नाही, बरोबर येते. पहिले काही महिने ती नर्सला विचारून खात्री करायची, की दिलं ना? मिस्त्री मान खाली घालून बसायचे. तिच्या विचारण्यात चूक काहीच नव्हती.

लाँड्रीताईंनाही सावरल्यावर इंजेक्शनंच सुरू झाली. त्या खोलीत सहा खुर्च्या आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांना त्या टोकाच्या खुर्चीवर बसल्या आणि बहिणीशीच बोलत राहिल्या. तिसऱ्या फेरीला खोली भरली होती, आणि रिकामी खुर्ची होती ती मिस्त्रींच्या शेजारची. ताई बसल्या. पलीकडं एक नवी बाई होती, कुठल्याशा शाळेतली शिक्षिका. तिच्यापुढं हेच दोन रस्ते ठेवले होते आणि ती जो भेटेल त्याला विचारत सुटली होती, की गोळ्या बऱ्या की हे बरं?

"यांना विचारा," ताई समोर बघत म्हणाल्या. "पण सगळं विचारा."

खोलीतल्या साऱ्यांचे डोळे मिस्त्रींवर आले. त्यांचे कान तापले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. मग त्यांनी सांगितलं. केबिनच्या छपरावर काय झालं तेही सांगितलं, न गाळता, परक्या बायकांसमोर. कोणी हसलं नाही. ती शिक्षिका म्हणाली, "मग मी काय घेऊ?"

"ते मला सांगता येणार नाही, बाई. गोळ्या काहींना चांगल्या सोसतात, एका आजींना तर काहीसुद्धा होत नाही. तुम्ही जे घ्याल ते घ्या. पण ओकारी झाली तर झाली म्हणा. नाही घेतलं तर नाही घेतलं म्हणा. मोठेपणा करू नका."

शिक्षिका विचारात पडली. नर्स सुई घेऊन आली आणि ताईंनी पोटाची बाजू उघडी केली. टोचून झालं तशा त्या कापूस दाबून धरत हलकेच म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाहीये, बरं का."

"नका करू," मिस्त्री म्हणाले.

"नाहीच करत. पण त्या टोकाच्या खुर्चीवर करमत नाही मेलं. बहीण गप्पा मारत नाही, नुसती फोनमध्ये बघते."

मिस्त्रींनी मान डोलावली. ताईंकडं वळून बघायचा धीर झाला नाही. मिस्त्रींच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बायकोनं थर्मासचं झाकण काढलं, तीन कपांत चहा ओतला, आणि पहिला कप त्यांना ओलांडून ताईंच्या हातात दिला.